दिरांकडून आधी लेबलचा फोटो मागवा

पत्र : गिरगावात चाळीत, दुसऱ्या मजल्यावर राहते. सासऱ्यांच्या मागे नव्वदेक एलपी आणि पंधरा-वीस ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या तबकड्या आमच्याकडे आल्या आहेत. बहुतेक शास्त्रीय गाणं, नाट्यसंगीत, थोडी भावगीतं. त्यांचा प्लेयर केव्हाच भंगारात गेला, पण अँप (अ‍ॅम्प्लिफायर) आणि दोन स्पीकर अजून चालतात. टर्नटेबलसाठी, म्हणजे नव्या रेकॉर्ड प्लेयरसाठी, तीस हजार बाजूला काढलेत, त्यापुढे एक रुपया नाही. मुलाला सूटकेससारखा, ब्लूटूथवाला प्लेयर आवडलाय. ह्यांचं म्हणणं, चोरबाजारात जुना पण दणकट मिळेल. न्यू जर्सीचे धाकटे दीर दिवाळीला येताहेत. त्यांच्याकडे १९८०च्या सुमाराचा एक पडून आहे, हवा तर आणतो म्हणाले. काय करू? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : सूटकेस आत्ताच बाद करा, चोरबाजार हातचा ठेवा आणि आज रात्री न्यू जर्सीला व्हॉट्सअ‍ॅप करा. दिरांना एवढंच सांगा, की प्लेयरच्या मागच्या किंवा तळाच्या लेबलचा फोटो पाठवा. तळ बघायला प्लेयर तसाच उलटा केला तर प्लॅटर, म्हणजे ज्यावर रेकॉर्ड ठेवतो ते ताट, निसटून पडतं आणि टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, आपटतो. म्हणून आधी रबरी मॅट आणि प्लॅटर काढून बाजूला ठेवायला सांगा, आर्म त्याच्या खुंटीला बांधायला सांगा, आणि मगच उलटा.

लेबलवर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ दिसेल, ते अपेक्षितच आहे. व्होल्टचं दुखणं किरकोळ. लॅमिंग्टन रोडवर २३०चे ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो. टर्नटेबल फार तर दहा-वीस वॉट खातं, त्यामुळे ५० व्हीएचा पुरतो. हातात जड लागेल असा, लोखंडी गाभ्याचाच घ्या. प्रवासासाठी म्हणून विकतात ती हलकी प्लॅस्टिकची कन्व्हर्टर-डबी मोटरच्या कामाची नाही.

गोम आहे ती हर्ट्झमध्ये, म्हणजे विजेच्या सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांत. जुन्या कित्येक प्लेयरांत एसी सिंक्रोनस मोटर असते आणि तिचा वेग घरातल्या विजेच्या हर्ट्झवर बांधलेला असतो. तिकडे ६०, आपल्याकडे ५०. म्हणजे ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड इथे मिनिटाला २८ फेऱ्याही पुऱ्या करत नाही. गाण्याच्या भाषेत सांगायचं तर तीन सुरांची घसरण : काळी एकमध्ये लावलेला आवाज खालच्या काळी पाचमध्ये जाऊन बसतो आणि लयही तितकीच रेंगाळते. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट बदलतो, हर्ट्झला हात लावत नाही, त्यामुळे तो लावूनही हे जात नाही. असे प्लेयर ‘बिघडलाय’ म्हणून माळ्यावर टाकले जातात आणि खरं तर त्यांत काहीच बिघडलेलं नसतं. सरळ इलाज म्हणजे मोटरच्या दांड्यावरची पुली १.२ पट जाड करायची. काही कंपन्या ५० आणि ६० हर्ट्झच्या वेगवेगळ्या पुल्या देत असत. त्या मॉडेलची पुली मिळत असेल तर ठीक, नाहीतर तो नाद सोडा. लेथवर करून घेता येते, पण ती बारीकशी जरी मध्यापासून सरकली तरी प्रत्येक सूर हलायला लागतो.

लेबलवर किंवा समोर ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ किंवा ‘क्वार्ट्झ’ लिहिलं असेल तर मात्र निर्धास्त राहा. त्या मोटरचा वेग आतलं सर्किट ठरवतं, घरातल्या विजेच्या हर्ट्झशी त्याचा संबंध नाही. बेल्टवाल्यांतही, म्हणजे मोटर रबरी पट्ट्याने प्लॅटर फिरवते त्यांतही, डीसी सर्व्हो (स्वतःचा वेग स्वतः सांभाळणाऱ्या) मोटरचे पुष्कळ आहेत. वेग बारीक वरखाली करायचं बटण, प्लॅटरच्या कडेला ठिपक्यांच्या रांगा आणि त्यांवर पडणारा लहान दिवा ही त्यांची नेहमीची खूण, पण खात्रीची नव्हे. मॉडेल नंबर घेऊन सर्व्हिस मॅन्युअल शोधा, त्यात मोटर कुठली ते एका ओळीत असतं. ठिपके असतील तर आणखी एक गोष्ट : क्वार्ट्झ नसलेल्या प्लेयरमध्ये तो दिवा घरातल्या विजेवर लुकलुकतो, म्हणून वेग बरोबर असेल तर मुंबईत ५० हर्ट्झ लिहिलेली रांग स्थिर दिसायला हवी. दिरांच्या डोळ्यांना ६०ची सवय असणार.

दुसरा फोटो मागवा तो टोनआर्मच्या टोकाचा. कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारी डबी, दोन स्क्रूंनी वरून आवळलेली असेल तर ती अर्ध्या इंचाची बैठक, आणि हीच आपल्याला हवी. त्या काळच्या बऱ्याच प्लेयरांत मात्र पी-माउंट असायचं. त्यात कार्ट्रिज प्लगसारखं सरळ आत खोचतात आणि बाजूने एकच स्क्रू असतो. त्यांना पी-माउंटचंच कार्ट्रिज लागतं आणि त्यात निवडीला वाव कमी. म्हणून प्लेयर नाकारायची गरज नाही, पण खाली ज्या कार्ट्रिजची शिफारस केली आहे ते त्याला बसणार नाही हे ध्यानात ठेवा.

प्लेयर पसंत पडला तर आणताना प्लॅटर, वरचं झाकण आणि आर्मच्या मागचं वजन (काउंटरवेट) हे तिन्ही सुटे करून वेगवेगळे कपड्यांत गुंडाळायचे. आर्म मऊ वायरने खुंटीला बांधायचा, सुईला टोपण घालायचं. प्लॅटर जागेवर ठेवून पॅक केलेला प्लेयर विमानतळावरच्या पट्ट्यावर दोनदा आपटला की बेअरिंग गेलंच समजा. इथे आल्यावर बेल्टचा असेल तर बेल्ट नवा घालायचा. चाळीस वर्षांचा रबर एकतर ताणून सैल झालेला असतो नाहीतर चिकट. ऑटोमॅटिक असेल तर आर्म परत नेणाऱ्या यंत्रणेतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असणार. मग आर्म अर्ध्या वाटेत अडकतो, किंवा रेकॉर्ड संपल्यावर परत जातच नाही. जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवं लावलं की सुटतो. हे तुम्ही स्वतः करू नका. जुने डेक आणि अँप दुरुस्त करणाऱ्या कारागिराला काही अवघड नाही.

मुलाच्या सूटकेसला ‘नाही’ का, हे त्याला नीट सांगायला हवं, नाहीतर तो वाढदिवसाला तीच मागेल. अशा प्लेयरांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज आणि सफायरची सुई असते. सुईचा दाब ५-६ ग्रॅमच्या घरात. चांगल्या कार्ट्रिजला दोन ग्रॅम पुरतात. पण नुसतं वजन हा गुन्हा नाही. त्या सुईची दांडी ताठ असते, स्टिरिओ रेकॉर्डच्या खाचेत वरखाली लवायला ती तयार नसते, मग ती खाचेच्या भिंती खरवडत जाते. सफायर हिऱ्याच्या मानाने लवकर झिजतं, आणि झिजलेली सुई म्हणजे छिन्नीच. वर दाब बदलायला वजन नाही, प्लॅटर एलपीपेक्षा लहान, आणि स्पीकर त्याच पेटीत, म्हणजे स्पीकरची थरथर सुईत आणि सुईची पुन्हा स्पीकरमध्ये. बाजारातून आणलेल्या नव्या रेकॉर्डवर कुणाला हा खेळ करायचा तर करू दे. तुमच्याकडच्यांतल्या कित्येक पुन्हा मिळणाऱ्या नाहीत. ब्लूटूथची तर तुम्हाला गरजच नाही, अँपला वायर आहे.

आता चोरबाजार. मटण स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकानं शुक्रवारी बंद असतात, तेव्हा इतर वारी, सकाळी उजेडात जा. पितळी भोंग्याच्या ग्रामोफोनकडे बघायचंही नाही. बरेचसे आताचे जुळवलेले असतात, आणि अस्सल असला तरी त्याच्या साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या वर असतो. एलपी त्यावर एकदा वाजवली की संपली. सासऱ्यांच्या पिढीत घरोघरी असलेल्या फिएस्टासारख्या पेटीच्या प्लेयरांतही सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिजच असायचं. क्रिस्टलवाल्यात रोशेल सॉल्ट नावाचा क्षार असतो आणि तो दमट हवेत विरतो. मुंबईचे चाळीस पावसाळे काढलेलं क्रिस्टल कार्ट्रिज जिवंत सापडणं कठीण. प्लेयर फिरतो, दिवा लागतो, आवाज मात्र कुजबुजल्यासारखा येतो, आणि दुकानदार सांगतो ‘सुई बदला, मस्त वाजेल’. सुईने काही होणार नाही.

नावाजलेल्या जपानी किंवा युरोपी कंपनीचा सुटा टर्नटेबल दिसलाच तर दुकानातच परीक्षा घ्या. सोबत तुमच्यातली खराब झालेली एक एलपी, कागदाचा कपटा, चिकटपट्टी आणि मोबाइल न्या. आधी वीज बंद असताना आर्म हेडशेलपाशी, म्हणजे कार्ट्रिज बसतं त्या टोकाशी, अलगद धरून पुढेमागे, वरखाली हलवून बघा. खिळखिळ जाणवली तर बेअरिंग गेलंय, तिथेच नमस्कार करा. मग मागचं वजन फिरवून आर्म आडवा तरंगता करा आणि फुंकर घाला. तो हलका वाहत जायला हवा, कुठे अडकायला नको. प्लॅटरच्या कडेला कपटा चिकटवून वीज लावा आणि तीन मिनिटं फेऱ्या मोजा. बरोबर १०० व्हायला हव्यात. एका फेरीचा फरक म्हणजे एक टक्का, तो बहुधा आतल्या स्क्रूने किंवा नव्या बेल्टने सुधारतो. सहा फेऱ्यांचा फरक म्हणजे अख्खा एक सूर, तो मोठ्या दुखण्याचा. मोबाइलमध्ये फेऱ्या मोजणारी अ‍ॅपही आहेत, फोन प्लॅटरच्या मधोमध ठेवायचा. शेवटी एलपी लावून आलापाचा भाग ऐका. तबला-पेटीच्या गर्दीत वेगाची थरथर लपते, पण नुसत्या तानपुऱ्यावर लगेच कळते. सूर दर पावणेदोन सेकंदांनी झोका घेत असेल तर दोष रेकॉर्डच्या मधल्या भोकाचाही असू शकतो, कारण एलपीची एक फेरी १.८ सेकंदांची असते. दुसरी रेकॉर्ड लावून खात्री करा. झोका त्याहून जलद, थरथरल्यासारखा असेल तर मोटर, बेल्ट किंवा रबरी चाक.

दुकानदार म्हणेल, सुई आत्ताच नवी घातलीय. ते गृहीत धरू नका. कुठलाही जुना प्लेयर घ्या, नव्या कार्ट्रिजचे पैसे त्याच्या किमतीत मनातल्या मनात मिळवूनच भाव करा.

दोन्हीकडून काही जमलं नाही तर नवा घ्यायचा. तीस हजारांत सुखाने बसणारा आणि रेकॉर्डला इजा न करणारा खालचा टप्पा म्हणजे ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी६०एक्स. बेल्टचा, ऑटोमॅटिक, मूव्हिंग मॅग्नेट (चुंबकाच्या) कार्ट्रिजचा, आतच प्रीअँप, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण आवाज अँपसाठी वाढवणारं सर्किट, असलेला. बटण दाबलं की आर्म स्वतः जातो आणि संपल्यावर परत येतो, घरातल्या सगळ्यांनी वापरायचा असेल तर ही सोय मोठी आहे. दाब कारखान्यातच ठरवलेला, तुम्हाला बदलता येत नाही, आणि कार्ट्रिजही बदलता येत नाही. सुई तेवढी ओढून नवी घालता येते. याच्या खाली उतरू नका. याच्या वर, ज्याला मागे फिरणारं वजन, अँटी-स्केटिंगची (आर्मची आत सरकायची ओढ आवरणारी) खुंटी आणि अर्ध्या इंचाच्या बैठकीचं कार्ट्रिज आहे असा कुठलाही नव्या बनावटीचा प्लेयर तुमच्या रकमेत मिळाला तर तोच घ्या, मग तो दिसायला साधा असला तरी चालेल. लाकडी फिनिश, यूएसबी, ब्लूटूथ यांचे पैसे आर्ममधून आणि कार्ट्रिजमधूनच कापलेले असतात.

अदलाबदल करता येणाऱ्या कार्ट्रिजचा एवढा आग्रह तुमच्या रेकॉर्डमुळे आहे. एलपीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ येईपर्यंत ती जेमतेम २१ उरते. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला असतो, म्हणून बाजूचा शेवट नेहमी जास्त फाटतो. आणि आपल्या शास्त्रीय एलपीची मांडणी अशी, की विलंबित बाहेर, निवांत जागेत, आणि द्रुत, तराणा, तिन्ही सप्तकांतल्या ताना अगदी आत, जिथे जागा सगळ्यात कमी. गोल टोकाच्या सुईला तिथली बारीक वळणं घेता येत नाहीत, तान खरखरते, ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे येतात. लंबगोल टोक त्या वळणांत जास्त खोल शिरतं. एलपी६०एक्सची सुई गोल टोकाची आहे. ऐकायला गोड, पण ताना संपतात तिथे तिची मर्यादा कळते.

म्हणून दिरांचा प्लेयर कसोटीला उतरला तर कार्ट्रिज ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई घ्या. लंबगोल हिरा, दाब २ ग्रॅम. याच घडीच्या डबीत पुढे पैसे साठले की मायक्रोलिनिअर (त्याहून बारीक टोकाची) सुई नुसती सरकवून घालता येते, डबी तीच राहते. कंपनीच्या हिशेबाने लंबगोल सुई ३०० तास, गोल ५०० आणि मायक्रोलिनिअर १,००० तास. रोज एक एलपी, म्हणजे पाऊण तास, वाजवली तर ३०० तास साधारण तेरा महिन्यांत संपतात, तेव्हा कॅलेंडरवर खूण करून ठेवा. ट्रान्सफॉर्मर, बेल्ट, कार्ट्रिज, सुईचा दाब मोजायचा डिजिटल काटा आणि प्लेयर ठेवायची फळी (तिचं खाली सांगितलंय) हे सगळं मिळून तुमच्या रकमेच्या निम्म्यात बसायला हवं.

कार्ट्रिज बसवताना चार बारीक वायरी चिमट्याने खोचायच्या : लाल उजवी, हिरवी तिची परतीची, पांढरी डावी, निळी तिची परतीची. पिनांना कधीही डाग (सोल्डर) द्यायचा नाही, उष्णतेने आतली कॉइल तुटते. प्रोट्रॅक्टरचा, म्हणजे कार्ट्रिज सरळ बसलंय ना ते बघायचा, कागद छापताना प्रिंटरवर ‘१०० टक्के’ निवडा आणि छापल्यावर पट्टीने मोजून घ्या. ‘पानाला जुळवा’ हा पर्याय इथे घात करतो. मधल्या खुंटीपासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर दोन बिंदू असतात. सुई दोन्हींवर टेकवून बघायची आणि दोन्हीकडे कार्ट्रिजच्या कडा छापील रेषांना समांतर येईपर्यंत स्क्रू सैल करून पुढेमागे सरकवायचं. अर्धा तास लागतो, चिडू नका.

मग दाब. अँटी-स्केटिंग शून्यावर, सुईचं टोपण काढलेलं, आर्म खुंटीवरून सोडलेला. मागचं वजन फिरवत आर्म आडवा तरंगता करा, वजन न हलवता त्यावरची आकड्यांची कडी शून्यावर आणा, आणि मग वजन व कडी एकत्र फिरवून दोनवर न्या. कड्यावरचा आकडा जुन्या प्लेयरांत चुकतो, म्हणून डिजिटल काट्यावर बघून घ्या. अँटी-स्केटिंगही दोनवर. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड कमी झिजते हा समज उलटा आहे. हलकी सुई मोठ्या आवाजात खाचेतून उडते आणि पडताना भिंत फोडते. २.२पर्यंत गेलात तरी चालेल, १.७ नको.

लाकडी जमिनीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण चाळीत पहिला त्रास त्याचाच होतो. कुणी चाललं की सुई उडी मारते. प्लेयर टेबलावर किंवा कपाटावर ठेवूच नका. भिंतीत ब्रॅकेट ठोकून जाड फळी बसवा, तीही विटांच्या जाड भिंतीवर, पार्टिशनच्या लाकडी पडदीवर नाही. स्पीकर त्या फळीवर ठेवायचे नाहीत. फोनमधल्या लेव्हलने प्लॅटर दोन्ही दिशांनी सपाट आहे ना ते बघा, फळी दर पावसाळ्यात थोडी वाकते.

तुमचा अँप. मागे ‘फोनो’ लिहिलेली जागा शोधा. कार्ट्रिजमधून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट येतात, साध्या ‘ऑक्स’ला ते पुरत नाहीत. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, ते पूर्ववत करायचं कामही फोनो सर्किटच करतं. जुन्या भारतीय अँपवर दोन सापळे असतात. एक, फोनोशेजारी ‘मॅग’ (मॅग्नेटिक) आणि ‘सेर’ (सिरॅमिक) असा खटका, तो ‘मॅग’वर हवा. नुसतं सिरॅमिकसाठीचं इनपुट असेल तर तुमचं नवं कार्ट्रिज कुजबुजेल, मग वेगळा फोनो प्रीअँप घेऊन ऑक्सला जोडावा लागेल. दुसरा, गोल पाच पिनांचं डीन सॉकेट. त्यासाठी आरसीए-ते-डीन वायर मिळते, ३ नंबरची पिन डावी, ५ नंबरची उजवी, २ नंबरची अर्थ. नव्या प्लेयरात प्रीअँप असेल आणि अँपलाही फोनो असेल तर दोन्ही एकदम वापरू नका. आवाज फाटून येतो आणि लोक प्लेयर परत करायला निघतात. प्लेयरचा खटका फोनोवर केला की झालं.

सुरू केल्यावर तानपुऱ्याखाली एक सलग घुंऽऽ येत असेल तर ती ५० हर्ट्झची घरघर. टर्नटेबलमधून निघणारी बारीक अर्थची वायर अँपच्या ‘जीएनडी’ स्क्रूखाली आवळा. तरी राहिली तर ट्रान्सफॉर्मर प्लेयरपासून हातभर लांब ठेवा, आणि हेडशेलमधल्या चार वायरी एकदा पुन्हा दाबून बघा. चाळीतल्या जुन्या वायरिंगला अर्थिंगच नसणं हेही नेहमीचं. ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. घरघर जावी म्हणून अँपच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात शॉक बसायचा धोका आहे.

नवी सुई घातली की पहिलीच रेकॉर्ड मळकी लावू नका. गिरगावातल्या इतक्या पावसाळ्यांनंतर तुमच्या एलपींवर बुरशीचे पांढरे ठिपके असणारच. एक लिटर डिस्टिल्ड वॉटर, त्यात ५० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवून. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि भांडी वाळवायच्या जाळीत उभ्या वाळवा. नळाचं पाणी शेवटी नको, सुकताना क्षार खाचेत राहतात. आतले बुरसटलेले कागदी पाकीट फेका, नवे प्लॅस्टिकचे घाला, पण बाहेरचं कव्हर प्लॅस्टिकमध्ये घट्ट बंद करू नका. ओल आत कोंडली तर बुरशी परत येते.

७८च्या तबकड्यांना मात्र यातलं अल्कोहोल एक थेंबही लावायचं नाही. त्या लाखेच्या आहेत आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. साबणाच्या थेंबाचं पाणी, झटपट धुणं, लगेच पुसणं. त्या वाजवायला सुईही वेगळी लागते. त्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद आहे, एलपीची सुई त्यात तळाशी घसरत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. व्हीएम९५च्या त्याच डबीत बसणारी ७८ची सुई मिळते, एसपी नावाची. दाब ५ ग्रॅम ठेवायचा, आणि एलपी लावण्याआधी सुई व दाब दोन्ही परत बदलायचे. हे विसरलात तर त्या एलपीचं नुकसान सूटकेसपेक्षा वाईट होईल.

राहता राहिला वेग. एलपी६०एक्सला आणि दिरांच्या प्लेयरलाही बहुधा ७८ नसेल. एटी-एलपी१२०एक्सला आहे, पण निव्वळ पंधरा-वीस तबकड्यांसाठी बजेट मोडू नका. त्यापेक्षा, आर्मचा दाब बदलता येत असेल तर, ७८ची सुई घालून तबकडी ४५च्या वेगावर वाजवा, अँपच्या ‘टेप आउट’मधून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज स्पीड अँड पिच’मध्ये १.७३३ हा गुणक द्या. ‘चेंज टेम्पो’ नाही, त्याने पट्टी तशीच खाली राहते. आवाजाचा रंग थोडा बदललेला वाटेल, तो बास-ट्रेबलने जुळवून घ्या. आणि डावा-उजवा चॅनल एकत्र करून मोनो करायला विसरू नका. त्या तबकड्या मोनोच आहेत, सुईच्या वरखाली हलण्यातून येते ती फक्त खरखर, आणि दोन्ही बाजू मिळवल्या की तिच्यातली बरीचशी आपोआप वजा होते.